काठावर, पण काठी घेऊन

'तटस्थ' हा शब्द आपल्या पिढीने फार स्वस्त केलाय. ऑफिसच्या ग्रुपवर दोन टीमची जुंपली की कोणीतरी लिहितं, "मी तटस्थ, पॉपकॉर्न आणा." निवडणुकीच्या दिवसांत मित्र सांगतो, "आपण बुवा न्यूट्रल." म्हणजे काय, तर मला विचारू नका. मीही हा शब्द असाच वापरायचे.

गेल्या वर्षी माझ्या एका मैत्रिणीने डोक्यात किडा सोडला. ती एमपीएससीचा अभ्यास करते. तिच्या नोट्समध्ये 'सशस्त्र तटस्थता' अशी एक संज्ञा होती आणि पुढे एका ओळीची व्याख्या. तिचा प्रश्न सरळ होता : "तटस्थ आहे तर शस्त्र कशाला? आणि शस्त्र आहे तर तटस्थ कसला?" मी कॉम्प्युटर इंजिनिअर. इतिहासाशी माझा संबंध दहावीला संपलेला. पण त्याच सुमारास घरात एक प्रकरण चालू होतं, त्याच्याबद्दल पुढे सांगते, आणि त्यामुळे हा प्रश्न मला परीक्षेचा वाटला नाही. रोज रात्री तासभर असं करत मी दोन महिने याच विषयावर वाचत बसले.

आधी शब्दच बघा. तट म्हणजे नदीचा काठ. तट म्हणजे किल्ल्याची भिंतही, तटबंदी म्हणतो ती. आणि भावकीत 'दोन तट पडले' म्हणतो तेव्हा तट म्हणजे गट. काठ, भिंत आणि फूट, तिन्ही एकाच शब्दात. तटस्थ म्हणताना आपण यातला पहिला अर्थ धरतो : काठावर उभा राहून प्रवाहाकडे बघणारा. जुन्या वळणाच्या मराठीत तर 'तो तटस्थ झाला' म्हणजे थिजलाच, तोंडातून शब्द फुटेना. नाशिकच्या माणसाला मात्र काठावर एवढा भरवसा ठेवता येत नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं हे बघायला गर्दी होते. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. पाणी वाढलं की काठ मागे सरकतो आणि सराफ बाजारातल्या दुकानात शिरतो. दुकानदार कुठल्याच बाजूचा नसतो, तरी माल भिजतोच.

सशस्त्र तटस्थतेतला तट हा काठ नाही, भिंत आहे. एवढं कळायला मला रशियाच्या राणीपर्यंत जावं लागलं.

साल १७८०. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. एका बाजूला ब्रिटन, दुसऱ्या बाजूला अमेरिकेतल्या वसाहती, फ्रान्स आणि स्पेन. समुद्रावर ब्रिटिश आरमाराचा दरारा असा की डेन्मार्क, स्वीडन, हॉलंड अशा युद्धात नसलेल्या देशांची व्यापारी जहाजंही ते अडवत आणि शत्रूचा माल आहे म्हणून जप्त करत. रशियाचं लाकूड, ताग, लोखंड बरंचसं याच परक्या जहाजांतून जायचं. मार्च १७८० मध्ये कॅथरीन दुसरी हिने लढणाऱ्या सगळ्या देशांना एक जाहीरनामा पाठवला. त्यातल्या गोष्टी थोडक्यात अशा : तटस्थ देशाचं जहाज लढणाऱ्या देशांच्या बंदरांमध्येही मोकळेपणाने ये-जा करेल. त्या जहाजावर शत्रूचा माल असला तरी तो जप्त करता येणार नाही, फक्त युद्धसामग्री सोडून. युद्धसामग्री म्हणजे नेमकं काय, तेही ठरवून दिलं. आणि बंदराची नाकेबंदी केली असं नुसतं कागदावर म्हणून चालणार नाही, तिथे खरोखर जहाजं उभी असली पाहिजेत. हे नियम मोडले गेले तर रशियाचं आरमार मधे पडेल.

डेन्मार्क आणि स्वीडन लगेच सामील झाले. पुढच्या दोन-तीन वर्षांत प्रशिया, ऑस्ट्रिया, पोर्तुगालही आले.

यात मला आवडलेली गोष्ट आरमार नव्हे. आवडलं हे की ती यादी सगळ्यांना एकच होती. ब्रिटनला वेगळी, फ्रान्सला वेगळी असं नाही. आमच्या धंद्यात फायरवॉल असतो, तो असाच वागतो. पाकीट कुठून आलं हेही तो बघतो, पण लिहिलेल्या नियमाप्रमाणेच; ओळखपाळखीशी त्याला घेणंदेणं नसतं. नियम आधी लिहिलेला असतो आणि तो सगळ्यांना लागतो. फायरवॉल कुणाच्या बाजूचा नाही, पण त्याला नुसता बघ्या कोणी म्हणणार नाही.

आता याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे राणीचं गुणगान होईल. रशियाचं आरमार ब्रिटनसमोर काही फार मोठं नव्हतं आणि स्वतः कॅथरीनने खासगीत या प्रकाराची 'सशस्त्र शून्यता' अशी टर उडवली होती असं सांगतात. हॉलंड सामील व्हायला निघालं तर ब्रिटनने डिसेंबर १७८० मध्ये त्याच्यावर युद्धच पुकारलं. वीस वर्षांनी, १८०० मध्ये, रशिया, डेन्मार्क, स्वीडन आणि प्रशियाने हाच प्रयोग पुन्हा केला. तेव्हा २ एप्रिल १८०१ ला ब्रिटिश आरमार कोपनहेगनवर चालून गेलं. नेल्सनने डेन्मार्कच्या जहाजांची दाणादाण उडवली. अमेरिकेने १९१७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये व्यापारी जहाजांवर तोफा बसवून पाहिल्या. एप्रिल उजाडला तेव्हा अध्यक्ष विल्सन स्वतःच संसदेत म्हणाले की ही सशस्त्र तटस्थता काही कामाची नाही, आणि अमेरिका युद्धात उतरली. म्हणजे भिंत बांधली की सुरक्षित, असं अजिबात नाही. पण १७८० च्या यादीतले दोन मुख्य नियम, तटस्थ जहाजावरचा माल सुरक्षित आणि नाकेबंदी खरी असली पाहिजे, हे १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यात आले आणि त्यावर ब्रिटनचीही सही होती. शस्त्रं हरली, यादी टिकली.

हे वाचताना मी सहज शोधलं : त्याच १७८० मध्ये आपल्याकडे काय चाललं होतं? पहिलं इंग्रज-मराठा युद्ध. नाना फडणवीसांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र बांधलं होतं. ठरलं होतं की नागपूरच्या मुधोजी भोसल्यांनी बंगालवर जायचं. फौज निघाली, मुधोजींचा मुलगा चिमणाजी तिच्याबरोबर. कटकपर्यंत पोहोचली आणि तिथेच रेंगाळली. कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जने भोसल्यांशी आतून बोलणी लावली, लाखांनी रुपये दिले, आणि ती फौज बंगालवर काही गेली नाही. हातात शस्त्र होतं, लढाईही केली नाही. याला सशस्त्र तटस्थता म्हणायचं का? माझ्या मैत्रिणीला मी 'नाही' असं सांगितलं. ही विकलेली गैरहजेरी झाली.

दुसरं उदाहरण इतकं सोपं नाही, आणि ते आमच्या जिल्ह्यातलं आहे.

नाशिकहून आग्रा रोडने निघालं की आधी ओझर, मग पिंपळगाव बसवंत, मग चांदवड. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. शाळेच्या सहलीत आम्हाला तिथे नेलं होतं आणि 'अहिल्यादेवींचा वाडा' एवढंच सांगितलं होतं. याच घराण्यातले यशवंतराव. ऑक्टोबर १८०२ मध्ये त्यांनी हडपसरला शिंदे आणि पेशव्यांच्या एकत्र फौजेला हरवलं. बाजीराव पळाला, इंग्रजांकडे गेला आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह करून बसला. त्यातून दुसरं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. १८०३ च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला पडला, २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव, डिसेंबरात गाविलगड. शिंदे आणि भोसले हरत गेले. आणि सगळ्यात ताज्या दमाची फौज असलेले यशवंतराव त्या वेळी माळव्यात होते. बोलणी झाली होती, येतील अशी आशा होती, पण ते आले नाहीत.

यावरून त्यांना नावं ठेवणारे खूप आहेत. मला ते पटत नाही. त्यांचा भाऊ विठोजी याला बाजीरावाने पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं, एप्रिल १८०१ मध्ये. त्याच वर्षी शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटलं होतं. अशा माणसांच्या हाकेला 'ओ' न देणं हे मी समजू शकते. इंग्रजही त्यांना गोड पत्रं लिहीत होते की तुम्ही शांत राहा, आम्ही तुमच्या वाटेला जाणार नाही. शस्त्र होतं, कारण होतं, दोन्ही बाजू अजिजी करत होत्या. तटस्थ राहायला याहून चांगली जागा कोणाला मिळते?

पण यादी नव्हती. आपली हद्द कोणती, कुठलं पाऊल पडलं की आपण उठणार, हे त्यांनी वेळेवर कोणालाच सांगितलं नाही. त्यामुळे शिंद्यांना वाटलं, हा भाव वाढवतोय. इंग्रजांनाही वाटलं, हा भाव वाढवतोय. चौथ आणि दोआबातल्या मुलखाच्या मागण्या इंग्रजांपुढे आल्या त्या १८०४ मध्ये, शिंदे-भोसल्यांचे तह उरकल्यावर. तोवर इंग्रजांना घाबरायचं कारण उरलं नव्हतं. एप्रिलमध्ये त्यांनी होळकरांवर युद्ध पुकारलं. यशवंतराव लढले मात्र असे की जुलैमध्ये कर्नल मॉन्सनला मुकुंदऱ्याच्या खिंडीतून पळवून लावलं. पण एकटे होते. त्याच वर्षी कर्नल वॉलेसची फौज आमच्या बाजूला आली आणि चांदवड, धोडप, गाळणा घेतले. डिसेंबर १८०५ मध्ये तह झाला. वर्ष-दीड वर्ष आधी जी फौज निकाल फिरवू शकली असती ती नंतर एकटीने फक्त शौर्य दाखवू शकली.

हे मी म्हणतेय ते २०० वर्षांनंतर, खुर्चीत बसून, याची मला कल्पना आहे.

त्याच रस्त्यावर अलीकडे ओझर. माझे बाबा तिथल्या विमान कारखान्यात फिटर होते. आमच्याकडे कुणी 'एचएएल' म्हणत नाही, 'मिगमध्ये आहे' म्हणतात. पत्त्यातसुद्धा ओझर मिग लिहितात. हा कारखाना १९६४ चा. नेहरूंना 'न्यूट्रल' हा शब्द आवडायचा नाही. त्यांचं म्हणणं, आम्ही कुठल्या गटात नाही याचा अर्थ आम्हाला मत नाही असा नव्हे. मराठीत त्याला अलिप्ततावाद म्हटलं गेलं, जो मला तटस्थतेपेक्षाही ढिला शब्द वाटतो. अलिप्त म्हणजे ज्याला काही चिकटलेलं नाही असा. पण अलिप्त देशाला विमानं लागतातच. रशियाबरोबर मिगचा करार १९६२ च्या ऑगस्टमध्ये झाला, चीन चालून आला त्याच्या दोन महिने आधी. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी झाली. १९६५ च्या युद्धात अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांचाही शस्त्रपुरवठा थांबवला, तेव्हा हा करार किती महत्त्वाचा आहे ते कळलं. आणि १९७१ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रशियाशी मैत्रीचा तह करावा लागला, तेव्हा अलिप्त म्हणजे नक्की किती अलिप्त हा प्रश्नही आला. भिंत तुमची, पण विटा दुसऱ्याच्या भट्टीतल्या. स्वित्झर्लंडचं तर याहून गमतीचं आहे. १९४० च्या मे-जूनमध्ये हद्दीत घुसलेली जर्मन विमानं त्यांनी पाडली, ती जर्मनीकडूनच विकत घेतलेल्या मेसरश्मिट विमानांनी. जर्मनीने डोळे वटारले तेव्हा त्यांच्या सेनापतीने त्या हवाई लढती थांबवल्या.

बाबांना या सगळ्यात रस नव्हता. ते कमी बोलायचे. आणि आता घरचं प्रकरण.

निफाड तालुक्यात आजोबांची साडेसात एकर जमीन. आप्पा थोरले, मग बाबा, मग नाना. तिघांची वाटणी कधीच झाली, अडीच-अडीच एकर, पण विहीर सामाईक. पाण्याची पाळी दोन-दोन दिवसांची, एक दिवस सुटा. बाबांची पाळी गुरुवार-शुक्रवार. बाबा नोकरीत, म्हणून आमची जमीन अकरा वर्षं एक वाटेकरी कसतो, उन्हाळ कांदा घेतो. आप्पांनी द्राक्षबाग वाढवली, नानांनीही वाढवली, विहीर होती तेवढीच राहिली. आप्पा-नानांचं बोलणं बंद होऊन सात वर्षं झाली. दोघांनाही बाबांची पाळी हवी होती, कारण ज्याला ती मिळेल त्याचे दोनाचे चार दिवस होणार. बाबा दोघांकडे चहा प्यायचे, दोघांचं ऐकून घ्यायचे आणि काही न बोलता परत यायचे. पाळी त्यांनी कुणालाच दिली नाही. पण देणार नाही, असं कधी म्हणालेही नाहीत.

बाबा गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा म्हणाले, "तुझ्या बापाने मला शब्द दिला होता." त्याच आठवड्यात नानांचा फोन आला : "दादा मला म्हणाला होता, पाळी तुलाच देईन." मला दोघंही खोटं बोलत होते असं वाटत नाही. सात वर्षं जो माणूस गप्प बसतो त्याच्या गप्प बसण्यात समोरचा आपल्याला हवं ते ऐकतो.

आणि तिसरी गोष्ट अशी की मी एकुलती एक मुलगी आहे. माझं मत कोणी विचारत नव्हतं, सही मागत होते. दोन्हीकडचे चुलत भाऊ 'ताई, तू काय शेती करणार आहेस का' इथून सुरुवात करायचे आणि हक्कसोडपत्रावर यायचे. आईसुद्धा म्हणाली, "देऊन टाक, मोकळी हो. भांडण आपल्याला नको." कायद्याने मुलगी वडिलांची वारस १९५६ पासून आहे, वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला. पण कायदा आणि सातबारा यांच्यामध्ये एक अर्ज असतो. तो केला नाही तर तुम्ही तटस्थ नसता, तुम्ही नसताच. मी आधी तो अर्ज केला. वारस नोंद, तलाठ्याकडे फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. तीनदा रजा टाकली. उताऱ्यावर आईचं आणि माझं नाव आलं.

मग पत्र लिहिलं, आप्पा आणि नाना दोघांना, शब्दन् शब्द तेच, एकाच दिवशी. गुरुवार-शुक्रवारची पाळी आमच्याकडेच राहील, आमचा वाटेकरी ती वापरेल. ती कुणालाही, पैसे घेऊन किंवा न घेता, मिळणार नाही. मोटर आणि पाइपलाइनच्या दुरुस्तीचा तिसरा हिस्सा आम्ही वेळेवर देऊ. तुमच्या दोघांच्या दाव्यात मी कुणाच्या बाजूने साक्ष देणार नाही, आणि एकाने मला दिलेला कागद मी दुसऱ्याला दाखवेन. आमच्या पाळीला मोटर बंद केली गेली, तर मी स्वतः तहसीलदारांकडे जाईन, मग बंद कोणीही केलेली असो.

शेवटचं वाक्य आईला आवडलं नाही. "काकांना असं लिहितात का?" मी ते तसंच ठेवलं. वरती 'ती. आप्पांस' आणि 'ती. नानांस' लिहिलं, खाली शिरसाष्टांग नमस्कार लिहिला.

आप्पा म्हणाले, शहरात शिकवून हे असं होतं. नाना महिनाभर बोलले नाहीत. एका चुलत भावाने मला फॅमिली ग्रुपमधून काढलं, दुसऱ्याने परत घेतलं. आईने बहिणीपाशी रडून घेतलं. वाटेकऱ्याने मात्र बियाणं टाकलं. त्याआधी दोन महिने तो विचारत होता, या वर्षी कांदा लावू की नको.

फेब्रुवारीत एका गुरुवारी मोटर बंद पडली, फ्यूज उडाला होता. मार्चमध्ये पुन्हा एका शुक्रवारी बंद पडली, तेव्हा फ्यूज ठीक होता. वाटेकऱ्याचा सकाळी साडेसातला फोन आला. मी कोणालाच काही विचारलं नाही. पत्राचा फोटो काढला होता, तोच आप्पांना आणि नानांना पुन्हा पाठवला, खाली एक अक्षर न लिहिता, आणि स्टँडअप मीटिंगला बसले. पावणेअकराला वाटेकऱ्याचा मेसेज आला : ताई, पाणी चालू झालं.